माझ्या नावावरचे प्रश्न

६ जानेवारी, सोमवार

आजपासून 'सेतू' सुरू. कंपनीचं स्वतःचं फेसबुक म्हणा, व्हॉट्सअ‍ॅप म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. रत्नागिरी, वेरावळ, मंगळूर, कोची, विशाखापट्टण, सगळ्या कारखान्यांतली माणसं एका जागी. कुणाचं काही अडलं तर तिथे विचारायचं, ज्याला येतं त्यानं सांगायचं. मासळी आणि आंब्याचा धंदा करणाऱ्या आमच्या दर्यासार फूड्समध्ये जाणती माणसं ढीगभर आहेत, पण एका कारखान्याला जे कळतं ते दुसऱ्याला कळत नाही, हे ठाण्याच्या हेड ऑफिसचं दुखणं. त्यावर हे औषध. रत्नागिरीत ते पाजायचं काम माझ्याकडे, कारण एचआरमध्ये सर्वांत नवी मी आणि कंत्राटावरचीही मीच.

समर्थ सरांनी (माझ्याहून लहान आहेत, पण ठाण्यात बसतात म्हणून सर) फोनवर स्पष्टच सांगितलं. जूनअखेर कंत्राट संपतं. रत्नागिरी 'सेतू'वर बोलती झाली तर पुढचं बघू, नाहीतर अवघड आहे. अवघड म्हणजे मी परत पुण्यात नोकरी शोधायची आणि बाबांनी गावी एकट्यानं चूल पेटवायची. आई गेल्यावर त्यांना इथे रत्नागिरीत, नाचणे भागातल्या माझ्या फ्लॅटवर आणलंय. पुण्याला यायचं ते नावही काढू देत नाहीत. इथेसुद्धा त्यांनी आपली ट्रंक अजून रिकामी केलेली नाही. हवं ते काढतात आणि पुन्हा कडी लावून ठेवतात. तुझं नक्की होऊ दे, मग बघू, म्हणतात.

१५ जानेवारी

'सेतू'वर आठवडाभरात काय आलं? उगवता सूर्य, गुलाबाची फुलं, काल तिळगुळाच्या वाट्या. प्रश्न एकही नाही. कोचीवाले धडाधड विचारतात, विशाखापट्टणवाले वाद घालतात. आमचं आपलं शुभ सकाळ.

पल्प विभागाच्या सदूला गाठलं. आंब्याच्या पल्पच्या डब्यांना झाकण बसवायचं नवं मशिन आलंय, ते झाकण एका बाजूला नीट दाबत नाही, हे तो गेल्या महिन्यापासून मला चहाच्या वेळी सांगतोय. म्हटलं, टाका की सेतूवर. सदू माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, तिथं विचारलं म्हणजे पाची कारखान्यांना कळणार ना, सदूला येत नाय म्हणून."

यावर मी काहीतरी बोलले, शिकण्यात लाज कसली वगैरे. स्वतःलाच ते सूचना फलकावरचं वाटलं.

१८ फेब्रुवारी

आज अस्लमभाईंकडे गेले. कोल्ड स्टोरेज आणि कॉम्प्रेसर त्यांच्या ताब्यात. मूळचे बुरोंडीचे, काही वर्षं दुबईत होते, त्यानंतर सगळी हयात इथेच. ते 'सेतू'वर आले तर बाकीचे मागोमाग येतील असा माझा हिशेब. त्यांनी माझ्या मोबाइलवर आपली माहिती भरू दिली. विषय कोणता लिहू विचारलं, तर म्हणाले, "थंडी." मी लिहिलं, विषय: थंडी. आणखी काही? तर म्हणे, एवढा पुरे.

मग मला कॉम्प्रेसरच्या हॉलमध्ये नेलं. तिथे नवं पॅनेल आहे, टीव्हीएवढा पडदा, त्यावर आकडे पळत असतात. अस्लमभाई त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले, यंत्रावर तळवा ठेवला आणि मलाही ठेवायला लावला. म्हणाले, पडदा काय वाटेल ते सांगेल, आधी हात लावून बघायचं. इतकी घरघर होती आणि इतकं उकडत होतं की मी हो हो करून बाहेर पळाले.

जेवताना झरीननं सगळं सांगितलं. ती पॅकिंग हॉलची सुपरवायझर, या कारखान्यातली माझी एकुलती मैत्रीण. पॅनेल बसवलं तेव्हा त्याच्या ट्रेनिंगला अस्लमभाईंना बोलावलं होतं. मला काय शिकवणार, म्हणून त्यांनी आपल्या हाताखालच्या उमेरला पाठवलं. उमेर केळशीचा, त्यांनीच बोटाला धरून तयार केलेला. तो शिकून आला आणि चार ऑपरेटरांसमोर त्यांनाच समजावून सांगायला लागला. झालं. तू मला शिकवणार? त्या दिवसापासून बोलणं बंद. उमेर पुढे वेरावळला बदली घेऊन गेला, त्यालाही आता दोन वर्षं होतील. ईदलासुद्धा फोन नाही, झरीन म्हणाली. मला दोघांचाही राग आला. एवढ्यातेवढ्यावरून माणसं तोडतात.

समर्थ सरांचा मेल आला होता, कुठल्या कारखान्यातून किती प्रश्न आले त्याचा आलेख. पाच कारखान्यांचे पाच खांब, चार उंच. आमचा खांब दिसायला भिंग हवं.

१६ मार्च, रविवार

शिमग्याला गावी. पालखी आमच्या अंगणात आली. वाडीचं गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. फ्लॅटवर भाजीत मीठ कमी पडलं तरी न बोलणारा माणूस, तिथे उभा राहिला की आवाज पार वेशीपर्यंत जातो. मुलगा परदेशात असलेल्या शेजारच्या गोदाकाकी पुढे आल्या, बाबांच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटल्या. बाबांनी पालखीकडे बघून मोठ्यानं सांगितलं, की म्हाराजा, ह्या माउलीचा झील परमुलखात हाय, त्याच्या जिवाची काळजी तिला लागून राह्यलीय, ती दूर कर. मागून सगळे ओरडले, व्हय म्हाराजा. गोदाकाकी डोळे पुसत मागे सरल्या, चेहरा अगदी हलका.

परत येताना एसटीत बाबांना विचारलं, काकींनी स्वतःच का नाही सांगितलं? देव काय तुमच्याशीच बोलतो?

"ज्याचं दुखणं त्याला ता मोठ्यानं सांगता येत नाय गो," बाबा म्हणाले. "आवाज कापतो. मग माणूस अर्धाच सांगतो. परक्या तोंडानं पुरा सांगून होतं."

हातखंबा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, पण डोक्यात झाकणाचं मशिन फिरत होतं.

२० मार्च

केलं. सदूला बसवून सगळं काढून घेतलं आणि 'सेतू'वर माझ्या नावानं टाकलं. 'झाकण बसवायच्या नव्या मशिनचा दाब एका बाजूला कमी पडतो. काय तपासावं?' खाली शमिका, एचआर, रत्नागिरी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मंगळूरहून उत्तर, फोटोसकट. सदू ते घेऊन गेला. संध्याकाळी येऊन एक झाकण माझ्या टेबलावर ठेवलं. गोल, सगळीकडून सारखं दाबलेलं.

मला इतका आनंद झालाय की लिहितानासुद्धा हसू येतंय. अगं बाई, एवढं सोपं होतं!

२७ मार्च

लोक यायला लागलेत. प्रिंटरवर कागद काढायच्या निमित्तानं येतात, दार लोटतात, कुणी ऐकत नाही ना बघतात. झरीनचे रोजे चालू आहेत, तरी जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसली आणि कोळंबीच्या पाकिटांचे कोपरे फाटतात त्याचं विचारून गेली. मी सगळ्यांना एकच सांगते, नाव बाहेर जाणार नाही. माझ्या आईची शप्पथ घेऊन सांगते. आमच्या घरात ही शपथ उगाच कुणी घेत नाही.

२ एप्रिल

ईद सोमवारी झाली. आज अस्लमभाई शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या खोलीत. खुर्चीवर बसले, बाबांची तब्येत विचारली, आंब्याला मोहर कसा होता ते सांगितलं, या वर्षी समुद्र लवकर तापला म्हणाले. मी डबा रिकामा केला तरी उठेनात. शेवटी खिडकीकडे बघत म्हणाले की दोन नंबरचा कॉम्प्रेसर थांबवला की परत सुरू व्हायला तयार नसतो. पॅनेल कसलातरी आकडा दाखवतं. पुस्तक इंग्रजीत आहे, तेही वाचून झालं. आत मासा आहे, आणि पंधरा दिवसांत पल्प येईल.

"वेरावळला हाच पॅनेल हाय," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, मी विचारते, माझ्या नावानं. त्यांनी मान हलवली नाही, पण आकडा मात्र कागदावर लिहून आणलेला होता.

३ एप्रिल

उमेरचं उत्तर आलं. इथे उतरवून ठेवते, कारण मजेशीर आहे.

'शमिका मॅडम, सलाम. हे पॅनेल तेलाचं तापमान बघतं. तेल गार असलं की यंत्राला सुरू होऊ देत नाही. तेल गरम ठेवणारा हीटर गेला असणार. जुन्या यंत्राला तो नव्हता, त्यामुळे कुणाच्याही लक्षात येणार नाही, यात चूक कुणाचीच नाही. पडद्यावर जाऊ नका. टाकीला हात लावून बघा, गार लागेल. आधी हात लावून बघायचं हे तुमच्याकडेच शिकलो, इथे रोज तेच करतो. हॉलमध्ये फार उकडतं, पाणी पीत राहा.'

मी एसीखाली बसते, मला कसलं उकडतंय! आणि आमच्याकडे शिकला म्हणजे एचआरच्या कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये असेल. तेव्हा मी इथे नव्हतेही. लोकांना सगळ्या मॅडम सारख्याच दिसतात. पण एक बरं झालं, प्रश्न कुणाचा याचा त्याला पत्ता लागला नाही. या कामात माझा हात बसला आता.

अस्लमभाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, परत वाच. परत वाचलं. दुपारी हीटर जळलेलाच निघाला. मला म्हणाले, त्याला लिव, 'हात लावून बघितला. गार होता.' तेवढंच, जसंच्या तसं. मी साधं धन्यवाद लिहिणार होते, पण त्यांच्या समाधानासाठी तेच लिहिलं. उमेरनं त्यावर लाल बदाम टाकला. टाकी गार निघाली यात बदाम टाकण्यासारखं काय आहे कोण जाणे.

१९ एप्रिल

पॅकिंग हॉलमध्ये गेले होते. मुली गोठून दगड झालेली कोळंबी टोपलीत घेऊन परत गार पाण्यात बुडवत होत्या. गोठवलेली ती परत पाण्यात कशाला? मी पाण्यात बोटसुद्धा घालून बघितलं. झरीनला विचारावं असं तोंडाशी आलं, पण वर्ष होत आलं मला इथे. हसेल ती.

मग 'सेतू'वरच टाकला. इतक्या प्रश्नांत हाही एक. कोचीहून कुणीतरी छान समजावलं, की पाण्यात बुडवली की वर बर्फाचा पातळ थर बसतो, त्याला ग्लेझिंग म्हणतात, त्यानं मासा सुकत नाही, चव राहते. कॅन्टीनमध्ये झरीन हसून लोळायची बाकी. कोणाचा गं हा प्रश्न? हे तर आमच्या झाडूवालीलाही ठाऊक आहे. मी गंभीर चेहरा करून म्हटलं, नावं सांगायची नसतात.

१२ मे

रत्नागिरीचा खांब सगळ्यांत उंच! समर्थ सरांनी मेलमध्ये अंगठा पाठवला. झरीन म्हणते, सदू आता मंगळूरच्या माणसाशी थेट फोनवर बोलतो, हापूस पाठवला म्हणे त्याला. हे झालं, तेच हवं होतं ना. येताना बाबांसाठी वेताची आरामखुर्ची घेतली. बाबा बसले, डुलले, आणि म्हणाले, नक्की झालं काय गो तुझं? झाल्यासारखंच आहे, मी म्हटलं. ट्रंक मात्र तशीच.

५ जून

मुद्दाम सावकाश लिहिते.

'सेतू'चा पहिल्या पाच महिन्यांचा अहवाल आला. कारखान्यांचा वेगळा, माणसांचा वेगळा. माणसांचा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. कोण किती विचारतो, कोण किती सांगतो, ते मोजून यंत्रच शेरा मारतं. सांगणारे ते जाणकार. आणि सबंध कंपनीत सर्वांत जास्त प्रश्न विचारून एकाही प्रश्नाचं उत्तर न दिलेली व्यक्ती, शमिका, एचआर, रत्नागिरी. शेरा: प्राथमिक ज्ञानाचा अभाव. कंत्राट वाढवण्याची शिफारस नाही.

समर्थ सरांना फोन केला, सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असावं, आवाजावरून तरी. म्हणाले, सिस्टममध्ये दुसऱ्यासाठी विचारणं अशी सोयच नाही. प्रत्येक प्रश्न खरा कुणाचा त्याची नावं पाठवा, मी ते प्रश्न त्या त्या खात्यावर टाकतो, तुमचं नाव मोकळं होईल. महिनाअखेरीपर्यंत पाठवा.

नावं तेवढी द्यायची. नावं मला सगळी पाठ आहेत.

८ जून, रविवार

बाबांना सांगितलं. म्हटलं, तुम्ही गाऱ्हाणं घालता आणि देवानं तुम्हालाच म्हटलं, एवढी दुखणी तुझ्या एकट्याची, तू कामाचा नाहीस, तर काय कराल?

बाबांनी खुर्चीचं डुलणं थांबवलं. मग म्हणाले, असं होत नाय. मागून लोक व्हय म्हाराजा म्हणतात ना, त्यासाठीच म्हणतात. ते म्हणाले की दुखणं त्यांचं. कुणी म्हणालाच नाय, तर मग ज्यानं गाऱ्हाणं घातलं त्याच्याच गळ्यात.

पुढे म्हणाले, नावं देऊ नको. आणि उठून आईचा फोटो पंच्यात गुंडाळून परत ट्रंकेत ठेवला. तो त्यांनी बाहेर काढून ठेवलेला मी पाहिलाही नव्हता. मला रडू आवरेना.

१६ जून

नावं पाठवली नाहीत. पुण्याला दोन ठिकाणी अर्ज केले. झरीननं माझे डोळे बघून खोदून खोदून विचारलं. कंत्राटाचं आणि अहवालाचं सांगितलं, बाकी काही नाही. तिला स्वतःचा कोळंबीच्या पाकिटांचा प्रश्न आठवला असणार, डबा झाकून उठली. मला तिचा रागही आला आणि नाहीही आला. सुपरवायझर म्हणून टिकायला तिला किती झगडावं लागलंय ते मी पाहिलंय.

२४ जून, मंगळवार

सकाळी मोबाइल टणटण वाजायला लागला. 'सेतू'वर अस्लमभाई. जन्मात पहिल्यांदा, आपल्या नावानं. एप्रिलमधल्या त्या कोळंबीच्या प्रश्नाखाली, तो गोठवलेली कोळंबी पाण्यात का बुडवतात तो:

'हा प्रश्न माझा. शमिकाबाईंनी माझ्यासाठी विचारला. इतकी वर्षं नोकरी झाली, विचारायचं राहून गेलं होतं. अस्लम, रत्नागिरी. विषय: थंडी.'

सगळ्या कंपनीसमोर. अस्लमभाईंना कोळंबीवरचा बर्फ ठाऊक नाही! त्याखाली पहिलं उत्तर वेरावळहून, उमेरचं. एकच शब्द, 'होय.' मग सदू: 'झाकणाचा माझा.' झरीन: 'पाकिटांचा माझा.' जेवणापर्यंत आणखी काही जण आले. सगळे नाही आले. नाही आले त्यांना मी काही म्हणणार नाही.

समर्थ सरांचा फोन आला, पार गोंधळलेले. म्हणाले, तुमच्या रेफ्रिजरेशनच्या प्रमुखांना ग्लेझिंग माहीत नाही? मी कॉम्प्रेसरच्या हॉलकडे धावत गेले.

अस्लमभाई यंत्राजवळ उभे होते. मी म्हटलं, अस्लमभाई, तो प्रश्न तुमचा नव्हता. तो माझा होता.

"माहीत हाय," ते म्हणाले. "पाण्यात बोट घालून बघत होतीस, पोरींनी पाह्यलंन. कंत्राटाचं झरीन बोलली."

"तुमचा दुसरा होता. हीटरचा."

त्यांनी तळवा यंत्रावर ठेवला.

"तो ऱ्हाऊ दे, बाय, तुझ्याच नावावर."

३० जून, सोमवार

पत्र आलं. 'सेतू'चा शेरा रद्द, समर्थ सरांनी स्वतः दोन ओळी लिहून जोडल्यात. एक वर्षाची वाढ आणि त्यानंतर कायम. घरी फोन केला. बाबा बरं म्हणाले आणि ठेवून दिला. संध्याकाळी जाऊन बघते तर ट्रंक रिकामी, पलंगाखाली ढकललेली, आणि आईचा फोटो भिंतीवर, जरा वाकडा.

पण त्याच टपालात दुसरं पत्र होतं. यंत्र गप्प बसत नाही. अस्लमभाईंना प्राथमिक प्रशिक्षण आवश्यक, ठिकाण वेरावळ, प्रशिक्षक उमेर. हे पत्र द्यायचं काम एचआरचं, म्हणजे माझंच. लाजेनं अर्धमेली होऊन मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, मी ठाण्याला कळवते, हे रद्द करून घेते, तुम्ही काळजी करू नका.

त्यांनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, रद्द करू नको, तिकीट काढ. मग चांगली आंबापोळी बाजारात कुठे मिळेल ते विचारलं. उमेरला फार आवडते म्हणे, कामाला नवा असताना चोरून खायचा. जाता जाता म्हणाले, एप्रिलमधलं ते उमेरचं उत्तर तेवढं छापून दे. बरोबर न्यायचंय.

प्रिंटरजवळ उभी राहून कागद हातात घेतला आणि सहज वाचायला लागले. चूक कुणाचीच नाही. हे तुमच्याकडेच शिकलो. हॉलमध्ये फार उकडतं, पाणी पीत राहा. तिथल्या तिथे खाली बसले. आणि मी इतके दिवस समजत होते, उमेरनं मला उत्तर दिलंय.